पाळण्यातली ठेच

मानवाच्या इतिहासात असा एकही काळ होऊन गेला नाही, ज्यात आईने बाळाला निजवताना गाणं म्हटलं नाही. साम्राज्यं आली, साम्राज्यं गेली. पाळण्याची दोरी मात्र हलतच राहिली.

असं 'वज्रतोरण' या भव्य ऐतिहासिक चित्रपटाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलं होतं. पत्रकं छापून आली त्याच दुपारी चित्रपटातला पाळणा बदलायचं ठरलं. पत्रकं तशीच वाटली, कारण कागद भारीतला होता.

पाळण्याला चाल लावणारे हेरंब टिपणीस तेव्हा कोल्हापुरात, चौगुले फिल्म्सच्या ऑफिसात, साय धरलेल्या चहापुढे बसले होते. वय साठीला टेकलेलं. चित्रपट बरेच, त्यातले लोकांना आठवणारे तीन. समोर निर्माते रावसाहेब चौगुले, मूळ धंदा गुळाचा. शेजारी दिग्दर्शक मल्हार इंगवले, पस्तिशीचा, दाढी चित्रपटातल्या कुठल्याही सरदारापेक्षा ऐतिहासिक.

"सर, पाळणा वाईट आहे असं कुणीच म्हणत नाहीये," मल्हार म्हणाला. "प्रश्न टोनचा आहे. आपली फिल्म एपिक आहे. गडाला वेढा पडलाय, सकाळ झाली की सगळे मरणार आहेत. आणि मध्येच एक बाई पोराला झोपवत बसते."

"गडावर पोरं नसायची का?"

"असायची. पण तीही एपिकच असणार ना, सर."

"म्हणजे झोपत नसत?"

रावसाहेब मध्ये पडले. "आवो टिपणीस साहेब, मी सांगू? मला सवताला त्यो पाळणा ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आईशप्पत. पण माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलाय? मशीन काय म्हणतंय ते बघा की."

मशीन म्हणजे 'समयसूत्र'. त्यामागचं शास्त्र अगदी साधं होतं. आपला मेंदू कानांसाठी थांबत नाही. पुढचा शब्द कोणता येणार, याचा अंदाज तो आधीच बांधून बसलेला असतो. 'चहात साखर घाल' म्हटलं तर तो ढिम्म राहतो. 'चहात चप्पल घाल' म्हटलं की अर्ध्या सेकंदाच्या आत माथ्यावर विजेची एक बारीक लाट उठते. हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकातच कळलं होतं. फक्त ती लाट पकडायला डोक्यावर तारांची टोपी चढवून केसांत जेल चोपडावं लागे, आणि तिकीट काढून आलेला माणूस त्याला तयार होत नसे. पुढे ते तारांचं काम कापडातच विणता येऊ लागलं. खुर्चीच्या उशीवर ते कापड चढवायचं, प्रेक्षकाने डोकं टेकायचं, झालं. ऐतिहासिक चित्रपट बघताना माणसाला काही खटकलं, तर ते त्याच्या आधी त्याच्या खुर्चीला कळू लागलं. या खटक्याला धंद्यात 'ठेच' म्हणत.

चाचणीसाठी शंभर प्रेक्षक बसवले होते. रावसाहेबांच्या मेव्हण्याचं हायवेवर थिएटर होतं, तिथल्या जुन्याच खुर्च्यांवर नवं कापड चढवून घेतलं होतं. युद्धाच्या गाण्यात इलेक्ट्रिक गिटार होती. त्याला एकही ठेच लागली नाही. लढाई म्हटली की गिटार वाजते, हे लोकांनी लहानपणापासून पडद्यावर पाहिलेलं होतं. पाळण्यात टिपणिसांनी दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, पाळण्याच्या कड्यांची कुरकुर आणि बाईचा आवाज. पडद्यावर काळोख, एक पणती, आणि थिएटर चिडीचूप. तिथे शंभरातल्या नव्वद मेंदूंना ठेच लागली होती.

"सगळ्यात जास्त 'जो जो रे' वर," मल्हार म्हणाला. "ते मॉडर्न वाटतंय, सर."

"जो जो मॉडर्न?"

"निजधाम गादी," मल्हार म्हणाला.

टिपणिसांना आठवलं. क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर एक जाडजूड गृहस्थ गादीवर पडतो आणि मागे बायकांचा घोळका 'जो जो रे, निजधाम रे' म्हणतो. गेली काही वर्षं हे रोज चालू होतं. मराठीतला सगळ्यात जुना शब्द गादीवाल्याने गादीत भरून टाकला होता.

"मग काय, काढायचं गाणं?"

"छे, छे!" हे बोलली ती समयसूत्रची इंजिनियर, मृण्मयी दातार. ही मुलगी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. "काढायचं काहीच नाही, काका. उशीत दोन छोटे स्पीकर आहेत. ज्याचं डोकं, त्यालाच ऐकू येतं. ठेच लागली की मशीन त्या माणसापुरतं गाणं बदलतं. आधी वाद्यं, मग शब्द, मग आवाज. ठेच थांबेपर्यंत. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या मनातल्या इतिहासाला शोभेल असंच गाणं मिळणार."

"आवाजसुद्धा?"

"आवाज हाही एक घटकच आहे."

"आणि लोक नुसते हलले, खाजवलं, तर मशीनला कळतं का?"

"ते गाळतो आम्ही," मृण्मयी जरा दुखावून म्हणाली. "बऱ्यापैकी."

पहिले दोन आठवडे चित्रपट फक्त त्या एकाच थिएटरात चालणार होता. तिथल्या खुर्च्यांना जो पाळणा सर्वांत जास्त मानवेल, तोच पुढे सगळ्या राज्यात जाणार होता. टिपणिसांनी शेवटचं विचारलं, "मूळ गाणं कुणालाच ऐकू येणार नाही?"

"येईल ना. खुर्ची रिकामी असली की ती मूळ फाईलच वाजवत असते, हळू आवाजात. सगळे स्पीकर एका तालात राहावे म्हणून."

रावसाहेबांना यात गंमत वाटली. "म्हंजे खुर्ची ऐकती, माणूस न्हाई!"

हसण्यासारखंच होतं. टिपणीस हसले नाहीत. कारण तो आवाज शालनचा होता.

*

शालन टिपणीस तीस वर्षं गात होत्या. मोठं नाव कधी झालं नाही. ज्या गाण्यांत कोरस असतो, त्यातल्या कोरसमधल्या ज्या बाईकडे आपलं लक्ष जातं, त्या शालन. कर्करोगाचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात टिपणिसांनी त्यांच्याकडून हा पाळणा गाऊन घेतला. एकाच बैठकीत. आवाज थोडा चिरलेला होता, पण वेढ्यातली आई काही तासून-पुसून गाणार नव्हती.

आता त्या गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलत. ते गुणगुणे, म्हणून त्याचं नाव भुंगा. भुंग्याला चढ-उतार नव्हते. राग, लाड, टोमणा, सगळं एकाच पट्टीत. त्यांच्या जुन्या आवाजात बोलणारं नवं यंत्रही बाजारात आलं होतं. ते त्यांनी नाकारलं. "गायच्या आवाजात गॅसचा नंबर लावायचा? नको."

टिपणिसांनी घरी येऊन सगळं सांगितलं. शालन वाल सोलत होत्या. त्यांनी भुंगा उचलला.

"मग मला माझं गाणं थिएटरात ऐकू येणार की नाही?"

"फाईल आहे आपल्याकडे. घरी लावू की."

"घरी कुकरपण ऐकू येतो." त्यांनी वालाचं ताट बाजूला सारलं. "हेरंब, मला लोकांत बसून ऐकायचंय. शेजारची बाई डोळ्यांना पदर लावते की मोबाइल काढते ते बघायचंय. एकदाच. मग संपलं."

"खुर्चीला डोकं टेकायचं नाही, बस्स. मग मशीनला काही कळत नाही."

शालननी भुंग्याने नुसतंच मानेकडे दाखवलं. ऑपरेशननंतर मान आधाराशिवाय धरता येत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसायचं तर टेकून.

"तू काहीतरी करशील," भुंगा म्हणाला. हा विश्वास होता की टोमणा, हे भुंग्यावरून कळायला मार्ग नव्हता.

*

टिपणिसांनी जे काही केलं, ते शहाण्या माणसाने केलं नसतं.

ते इचलकरंजीला निजधाम गादीच्या मालकांकडे गेले. मालक नेमगोंडा पाटील प्रसन्न माणूस होते. ऑफिसातल्या भिंतींनाही गाद्या होत्या.

"जाहिरात थांबवायची? का हो?"

"दोन आठवडे फक्त. लोक 'जो जो' ऐकलं की तुमची गादी आठवतात."

"हे तर लई चांगलं झालं की!" पाटील खूश झाले. "बघा, नाव मीच सुचवलं. निज म्हंजे झोप, धाम म्हंजे घर. झोपेचं घर. म्हाताऱ्या माणसांचे फोन येतात, नाव बदला म्हणून. का ते सांगत न्हाईत. एक आजोबा तर नुसते रडलेच."

निजधामाला माणूस एकदाच जातो आणि गादीसाठी परत येत नाही, हे सांगावं असं टिपणिसांना फार वाटलं. पण ते मागायला आले होते. त्यांनी शालनचं सगळं सांगितलं, ऑपरेशन, पाळणा, लोकांत बसून ऐकण्याची इच्छा. पाटलांचे डोळे भरून आले.

"टिपणीस, काळजी सोडा. वहिनींचा आवाज मी घरोघरी पोचवतो."

"कसा?"

"जाहिरातीतच घालू की! प्रत्येक ओव्हरनंतर!"

टिपणीस उठले आणि आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या त्या माणसाच्या पाया पडले. "नको," ते म्हणाले. "आहे ती तरी बंद करा हो."

पाटलांना ते आशीर्वाद मागतायत असं वाटलं. त्यांनी तोंड भरून दिला. निघताना एक उशी भेट मिळाली. जाहिरात चालूच राहिली.

*

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. फेटे, तुताऱ्या, नऊवारी नेसून सेल्फी काढणाऱ्या मुली. शालनना मधल्या रांगेत बसवून टिपणीस परत दाराशी आले आणि आत येणाऱ्या प्रत्येकापुढे हात जोडू लागले.

"एक विनंती आहे. पाळणा लागला की डोकं टेकवू नका. पुढे वाकून बसा. पाचच मिनिटं."

लोक या सभ्य दिसणाऱ्या, पांढऱ्या कुर्त्यातल्या माणसाकडे संशयाने बघू लागले.

"का हो काका?" एका बाईने विचारलं. "खुर्चीला काय झालंय?"

"खुर्चीत... आहे ते. डोकं टेकलं की लगेच—"

"अगंबाई! ढेकूण?"

"नाही, नाही, ढेकूण नाही. समयसूत्र."

"कसलं सूत्र, सरळ सांगा ना ढेकूण म्हणून!" ती मागे वळली. "ए सुलू, पिंटीला मांडीवर घे. ढेकूण आहेत."

"ढेकूण नाहीत हो!" टिपणीस ओरडले.

ढेकूण नाहीत असं एखादा माणूस थिएटरच्या दारात ओरडून सांगत असेल, तर त्याचा अर्थ एकच होतो. बातमी चार रांगा पुढे गेली, मग बाल्कनीत, मग मोबाइलवर. मॅनेजर धावत आला आणि टिपणिसांना दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. रावसाहेब तुतारीवाल्यांच्या मधून वाट काढत आले.

"आवो काय सांगालाय लोकास्नी! माझ्या मेव्हण्याचं थेटर हाय!"

"रावसाहेब, माझ्या बायकोचा आवाज आहे तो."

"मग माझ्या मेव्हण्याचं काय चुकलं?"

टिपणिसांना चित्रपट सुटेपर्यंत मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं. केबिनच्या काचेतून पडदा दिसत होता. किल्लेदाराची बायको पाळण्याशी बसली. पणती हलली. समोरच्या चारशे डोक्यांना चारशे वेगवेगळे पाळणे ऐकू येत होते, आणि बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मधल्या रांगेत शालनची मान उशीला नीट टेकलेली दिसत होती.

चित्रपट सुटल्यावर त्या बाहेर आल्या. मनगट खाजवत होत्या. टिपणिसांना विचारायचा धीर झाला नाही. दोघं पार्किंगपर्यंत आले. मग शालननी भुंगा लावला.

"छान होतं."

"खरंच?"

"हो. स्वच्छ आवाज. मागे नगारा होता. चाल तुझीच." भुंगा जरा खरखरला. "कोण मुलगी गायली आहे?"

टिपणीस गाडीची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने कळवळून समजावलं, की हे अगदी स्वाभाविक आहे. शालनताईंनी आपला आवाज गेला हे स्वीकारलंय. त्यामुळे तो आवाज कानावर पडताच त्यांच्या मेंदूला ठेच लागली. मोठ्ठी. सबंध थिएटरात सगळ्यात मोठी. आणि मशीनने तो लगेच काढून टाकला. "एका अर्थी त्याने काळजीच घेतली, काका."

टिपणिसांना तो तर्क पटला, हे सगळ्यात वाईट झालं. त्या दिवसापासून ते शालनपुढे गुणगुणायचेही थांबले. शालन भुंगा टेबलावर उपडा ठेवून तासन्‌तास बसत. सांगायचं असेल ते बोटाने दाखवत, मीठ, पंखा, दार. एकदा टिपणिसांनी पाळणा घरी लावायचा प्रयत्न केला. पहिल्याच 'जो'ला शालन उठल्या आणि आत जाऊन कुकर लावला. त्यात काहीही नव्हतं.

*

'वज्रतोरण' पडला. शेजारच्या थिएटरात कुत्र्याचा एक विनोदी चित्रपट लागला होता, समीक्षकांनी युद्धप्रसंग लांबल्याचं म्हटलं होतं, पण लोकांच्या तोंडी एकच कारण होतं, ढेकूण. मोबाइलवर एका खुर्चीचा फोटो फिरत होता, ती खुर्ची दुसऱ्याच कुठल्या तरी थिएटरातली होती. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या खेळाला तिकीट खिडकीवरचा माणूस गिऱ्हाईक दिसलं की दचकायचा.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी टिपणीस जेवता जेवता थांबले. घास ताटात ठेवला. "शालन, चप्पल घाल."

शालननी बोटाने विचारलं, कुठे?

"चल तर खरं. डोकं टेकायचं नाहीये."

थिएटरात ते दोघंच होते. टिपणिसांनी शालनना खुर्चीवर बसूच दिलं नाही. मधल्या जिन्याच्या पायरीवर, विटक्या गालिच्यावर, रांगांच्या अगदी मधोमध बसवलं. मानेला आधार म्हणून इचलकरंजीची उशी पाठीशी लावली, आणि ती घसरू नये म्हणून स्वतः त्यांच्या मागे, एक पायरी वर बसले. युद्धं झाली. गिटार झाली. मग काळोख झाला, पणती लागली.

एका खुर्चीतून येणारा आवाज कुजबुजीएवढा होता. पण खुर्च्या चारशे होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या. आधी कडी कुरकुरली, चारही बाजूंनी, जणू ते थिएटरच कुणीतरी हलवायला घेतलं होतं. मग ती आली. चिरलेली, थकलेली, जशी होती तशी.

जो जो रे बाळा, नीज जरा,
दारात थांबलाय उद्याचा वारा...

शालन हलल्या नाहीत. टिपणीस त्यांच्या डोक्याकडे बघत होते, पांढऱ्या झालेल्या भांगाकडे. त्यांना ठेच लागतेय का, हे कळायला तिथे कुठलंही कापड नव्हतं. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. शालननी हात मागे केला आणि टिपणिसांचा गुडघा धरला. इतका घट्ट, की नखं रुतली. गाणं संपलं तेव्हा पडद्यावर शत्रू तटाला शिड्या लावत होता.

शालननी भुंगा लावला.

"दुसऱ्या कडव्यात श्वास चुकलाय माझा."

"कुणाच्या लक्षात नाही आलं."

"कुणी असतं तर आलं असतं." मग शालननी विचारलं, "परत लागतं का?"

"संध्याकाळच्या खेळाला."

"बसू."

ते बसले. संध्याकाळच्या खेळाला एक जोडपं आलं, पण ते अगदी मागच्या कोपऱ्यात होतं आणि त्यांना इतिहासात रस नव्हता.

शुक्रवारी चित्रपट उतरला. बाकी राज्यात खुर्च्यांनी निवडलेला पाळणा गेला. त्यात नगारे आहेत, साठ जणांचा कोरस आहे आणि 'जो जो' च्या जागी 'निद्रिस्त हो, हे वीरा' असं आहे. समीक्षकांनी गाणी चित्रपटाच्या प्रकृतीला साजेशी असल्याचं लिहिलं. मृण्मयीने चाचणीच्या त्या नव्वद ठेचांवर एक शोधनिबंध वाचला, तो गाजला. 'जो जो' हा शब्द मराठी मेंदूत आता ऐतिहासिक राहिलेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

थिएटर मेव्हण्याने निजधामवाल्यांना गाद्यांच्या सेलसाठी भाड्याने दिलं. जागा मोकळी करायला खुर्च्या उचलल्या, तेव्हा ढेकूण खरोखरच निघाले. कापड नवं असलं तरी आतला काथ्या जुनाच होता. अंधार झाला आणि माणसं निश्चल बसली की ते बाहेर येऊन चावत.

चाचणीचे शंभर प्रेक्षक त्याच खुर्च्यांवर बसले होते.